बलदियाच्या बोरीवर

बहरीन, २१ जानेवारी २०२४

प्रिय प्रवीण भावोजी,

मेधाचा नमस्कार.

कागदाच्या डोक्यावर श्री लिहिलेला नाही, तो विसरले म्हणून नाही. बातमी तुम्हाला गावाहून कळली आहे हे मला माहीत आहे. तरी कळवणं माझं काम, म्हणून कळवते. तुमचे दादा सहा तारखेला पहाटे गेले. झोपेतच. मी चहा ठेवून हाक मारली, मग पुन्हा मारली. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. इथल्या हिंदू स्मशानभूमीत सगळं नीट झालं. ते ज्या नगरपालिकेच्या गॅरेजात मेकॅनिक होते, त्या बलदियाचे सगळे लोक आले होते. गुरुप्रसाद म्हणून कुडाळचे एक गृहस्थ आहेत, त्यांनी अग्नी दिला. चांगले आहेत, पण परके. श्रेया बाजूला उभी होती.

हे पत्र तुमच्याकडे कसं आलं ते सांगते, म्हणजे तुम्ही जुनैदवर रागावणार नाही. आमच्या खालच्या मजल्यावर इशरतभाभी आणि लतीफभाई राहतात, रत्नागिरीचे. लतीफभाई बलदियात क्लार्क आहेत. त्यांचा चुलतभाऊ जुनैद तुमच्या दोह्यात झेरॉक्सच्या दुकानात आहे आणि तुम्हाला ओळखतो. मी हाताने लिहायचं, भाभींनी फोटो काढून त्याला पाठवायचे, त्याने छापून पाकिटात घालून तुम्हाला द्यायचे. मी फोन केला असता तर तुम्ही उचलला असता आणि गप्प राहिला असता. मीही गप्पच राहिले असते. त्यापेक्षा कागद बरा.

आता कामाचं. दहाव्याला अस्थी समुद्रात सोडायच्या होत्या. मी सोडल्या नाहीत.

घरात अस्थी ठेवत नाहीत. पिंपळ इथे नाही. हे बेट केवढं ते तुम्ही पाहिलेलं नाही. मुहर्रकच्या पुढे एका पुलाने जोडलेलं, एक शाळा, एक मशीद, होड्या, आणि बलदियाचं दोन मजली ऑफिस. ऑफिसच्या मागे रोपवाटिका आहे, तिथे बोरीचं एक जुनं झाड आहे. लतीफभाईंनी मुदीरना विचारलं. मुदीर म्हणजे तिथले साहेब, त्यांना सगळे बू खालिद म्हणतात, खालिदचे वडील. ते म्हणाले, शंभू आमचा माणूस, त्याला जिथे पाहिजे तिथे बांधा. तर गाडग्याचं तोंड पांढऱ्या फडक्याने बांधून दादांना मी बलदियाच्या बोरीवर ठेवलं आहे. तिथून समुद्र दिसतो. अर्धा समुद्र बहरीनचा, त्याच्या पुढचा तुमच्या कतारचा.

तुम्ही या आणि त्यांना सोडा. आम्हाला मुलगा नाही आणि सख्खं माणूस तुम्ही एकटे. तुम्ही येईपर्यंत ते झाडावर राहतील.

आईच्या वेळी जे झालं त्याबद्दल या पत्रात लिहीत नाही.

तुमची वहिनी,
मेधा


२ फेब्रुवारी

प्रिय भावोजी,

जुनैदने सांगितलं की तुम्ही पाकीट घेतलंत, शर्टाच्या खिशात ठेवलंत आणि त्याला चहा पाजलात. पत्राबद्दल काही बोलला नाहीत. मला एवढं पुरे आहे. जुनैद, तू हे छापताना वाचत असशील तर वाच, पण पुढच्या पानावर घरचं आहे, ते वाचू नकोस.

गावाहून रोज फोन येतो. अण्णाकाका म्हणतात, "माणसाक असां अडकवन ठेवतत काय गो? सोडून टाक, मोकळो होऊ दे तेका." मी हो म्हणते. माझा भाऊ आजऱ्याहून विचारतो, कधी येतेस? त्यालाही हो म्हणते. तुम्हाला माहीतच आहे, मला भांडता येत नाही. मी हो म्हणते आणि माझं करते.

काल इशरतभाभींनी मला बाजारात नेलं. बळजबरीनेच. मासेवाल्याकडे पेडव्यांसारखे लहान मासे होते, ते पाहिल्यावर तुमची आठवण आली. मी आजऱ्याची. लग्न होऊन देवबागला आले तेव्हा मला फक्त सुका जवळा माहीत होता. आईंनी पहिल्याच आठवड्यात टोपलीभर पेडवे पुढे ठेवले आणि त्या बाजाराला गेल्या. मी विळी घेऊन बसले होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. तुम्ही बारावीला होता. पुस्तक घेऊन मागच्या दारी आलात आणि म्हणालात, "वयनी, तू काय कोंबडी कापतंस? विळी ठेव थंय. हातान कर." आणि तुम्ही डोकी कशी मोडायची, एका ओढीत आतडं कसं काढायचं ते दाखवलंत. आई परत आल्या तेव्हा तुम्ही पुस्तकात डोकं घालून बसला होतात आणि तुमच्या बोटांना खवले चिकटले होते. आईंनी पाहिलं.  रात्री जेवताना म्हणाल्या, "परवीणान आज अभ्यास बरो केलो." तुमचे दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

ते मासे मी आणले. श्रेयाला साफ करायला शिकवते म्हटलं तर म्हणाली, "आई, इट्स स्मेली, अँड आय हॅव मॅथ्स." तिची दहावीची परीक्षा जवळ आली आहे. पण उभी राहून पाहत होती.

कळवा.

मेधा


११ फेब्रुवारी

प्रिय भावोजी,

तुमची चिठ्ठी मिळाली. जुनैदने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "भाभी, मैंने नहीं पढ़ा." म्हणजे वाचली.

"वयनी, माझ्यासाठी दादाक थांबवू नको. आवशीच्या वेळाक तो खंय थांबलो?"

तुम्ही उत्तर दिलंत याचं मला बरं वाटलं. तुमचं अक्षर तसंच आहे.

म्हणजे आता आईच्या वेळचं लिहायलाच हवं.

बापाचं थोरल्याने करायचं आणि आईचं धाकट्याने, ही आपल्या घरची रीत. तुमच्या बाबांचं दादांनी केलं. आईंचं तुम्ही करायचं होतं. २०१८ च्या मे महिन्यात आम्ही रजेवर देवबागला होतो आणि आई दुपारी गेल्या. तुमचा एक्झिट परमिट, देशाबाहेर जायचा कागद, कंपनीत अडकला होता, तो दुसऱ्या दिवशी सकाळी मिळणार होता. तुम्ही फोनवर दादांना म्हणालात, "उद्या रातीपर्यंत येतंय. माझ्यासाठी थांब." ते हो म्हणाले. आणि संध्याकाळी त्यांनी अग्नी दिला.

तुम्ही आल्यावर अंगणात जे बोललात ते मला शब्दाशब्दाने आठवतं. "मच्छीक बर्फ गावता, माझ्या आवशीक गावलो नाय?" दादा "उशीर झालो असतो," एवढंच म्हणाले. ते ऐकून तुम्ही ओसरीवरून तुमची बॅग उचललीत. त्यानंतर सहा वर्षं तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला नाहीत. देशांच्या भांडणात वाटा बंद होत्या तेव्हा लोक म्हणायचे, काय करणार, बहरीन-कतारमध्ये विमानंच नाहीत. मग विमानं सुरू झाली. तेव्हा कुणी काही म्हणेनासं झालं.

भावोजी, बर्फ मिळाला होता. तुम्हाला हे कुणी सांगितलेलं नाही. अण्णाकाकांनी दुपारीच मालवणहून गाडी मागवली होती. लाद्या अंगणात उतरल्या होत्या, भुश्यात गुंडाळलेल्या, आणि त्यांना माशांचा वास होता. दादा जाऊन लादीवर हात ठेवून उभे राहिले. अण्णाकाका म्हणाले, "ठेवया." दादा म्हणाले, "नाय. आवशीक ह्याच्यार ठेवूचंय नाय." अण्णाकाका म्हणाले, "अरे, प्रवीणाक काय सांगशीत?" ते म्हणाले, "तेका मी सांगान."

सांगितलं नाही. सांगता आलं नाही. मासे ठेवतात त्यावर आईला ठेववलं नाही, हे वाक्य तुमच्या तोंडून त्याच बर्फाचं नाव आल्यावर ते बोलणार कसे?

मी त्यांची बाजू घेत नाही. त्यांनी थांबायला हवं होतं. तुम्हाला शब्द दिला होता. म्हणूनच आता त्यांना मी थांबवलं आहे. बर्फावर नाही, झाडावर. तिथे वारा आहे, वास चांगला आहे, आणि पाखरं येतात.

या.

मेधा


२५ फेब्रुवारी

प्रिय भावोजी,

तुमचं उत्तर नाही. जुनैद म्हणतो, तुम्ही पत्र दुकानातच उभं राहून वाचलंत आणि पुन्हा छापून मागितलंत. एक प्रत हातात असताना दुसरी कशाला, असं तो विचारतो. मी त्याला सांगितलं, तुझं काम कर.

इथे या आठवड्यात एक घोळ झाला. तो लिहिते, तुम्हाला हसू येईल. दादांना तर फारच आलं असतं.

बुधवारी रोपवाटिकेत झाडं छाटायला माणसं आली. कंत्राटाची होती, त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मी दुपारी दिवा लावायला गेले तर बोरीची फांदी नाही आणि गाडगंही नाही. मी तिथेच खाली बसले. लतीफभाई ऑफिसातून धावत आले. "मेधाभाभी, उठा उठा, शंभूभाई आत आहेत."

आत म्हणजे मुदीरच्या खोलीत. बू खालिदनी फांदी पडण्याआधी स्वतः जाऊन गाडगं उतरवून आणलं होतं. त्यांच्या टेबलाशेजारी पाहुण्यांसाठी सोफा आहे, त्यावर स्वच्छ टॉवेल अंथरून ते ठेवलं होतं. एसी चालू. समोर तिपाईवर कॉफीचा कप.

मी म्हटलं, "बू खालिद, हमारे में अंदर नहीं रखते. बाहर रखना पड़ता है."

ते म्हणाले, "मदाम, शंभू पंद्रह साल मेरे लाँच का इंजिन देखा. मेहमान है. मेहमान को बाहर धूप में कौन रखता है?"

"लेकिन हमारा रिवाज..."

"आपका रिवाज बाहर, हमारा रिवाज अंदर. शंभू बेचारा क्या करेगा?"

लतीफभाई मध्ये पडले. अरबीत बरंच काही बोलले, हात जोडून, हात पसरून. शेवटी ठरलं की गाडगं मुदीरच्या खिडकीबाहेरच्या कठड्यावर, सावलीत राहील. बाहेरही आणि त्यांच्या नजरेसमोरही. त्यांनी माणूस बोलावून कठड्याला जाळी लावून घेतली. कॉफीचा कप मात्र रोज खिडकीत ठेवतात. संध्याकाळी तो स्वतःच पितात, असं लतीफभाई म्हणाले.

श्रेयाला सांगितलं तर तिने डोक्यावर उशी घेतली. "आई! बाबा इज सिटिंग इन द मुदीर्स ऑफिस? विथ कॉफी?" आणि मग उशीतच हसायला लागली, आणि मग हसणं राहिलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. सहा जानेवारीपासून ती पहिल्यांदा रडली.

तर दादा आता झाडावर नाहीत, खिडकीत आहेत. पत्ता बदलला म्हणून कळवलं.

मेधा


९ मार्च

प्रिय भावोजी,

आज थोडक्यात. श्रेयाचा शेवटचा पेपर पुढच्या आठवड्यात आहे. आमचा व्हिसा दादांच्या नावावर होता, तो मार्चअखेरपर्यंत बू खालिदनी धरून ठेवला आहे. त्यापुढे त्यांच्याही हातात नाही. आम्ही एकोणतीसला जातो, आजऱ्याला. श्रेया अकरावी कोल्हापुरात करेल.

अस्थी मला विमानातून नेता येतील, कागद मिळतात. अण्णाकाका म्हणतात, देवबागला आण, संगमावर सोडू, माणसं जमतील. मला तसं नको आहे. ज्या पाण्याच्या या बाजूला ते राहिले आणि त्या बाजूला तुम्ही, त्यात सोडायच्या आहेत.

शुक्रवारी बावीस तारखेला दुपारनंतर बलदियाची लाँच मोकळी आहे. रमजान असेल, पण बू खालिद म्हणाले, इंजिनाची ट्रायल म्हणून काढू. लाँच शेवटच्या बोयापर्यंत, म्हणजे पाण्यातल्या तरंगत्या खुणेपर्यंत, जाते. त्यापुढे हद्द आहे, तिथे कोणी जात नाही. तुमच्याकडून इकडे विमानाला तासभरही लागत नाही आणि व्हिसा फोनवर मिळतो, असं जुनैद म्हणतो.

मी बावीस तारखेपुढे त्यांना थांबवू शकत नाही. तुम्ही आला नाहीत तर गुरुप्रसादांना सांगेन. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

जुनैद, हे आजच दे.

मेधा


१७ मार्च

प्रिय भावोजी,

परवा तुम्ही श्रेयाला फोन केलात. मला नाही, तिला. चालेल.

मी स्वयंपाकघरात होते. ती हॉलमध्ये एकदम उभी राहिली आणि मग एकेक शब्द बोलायला लागली. "येस. फाइन. मॅथ्स वॉज ओके. नो, सायन्स वॉज टफ." मला वाटलं मैत्रीण. मग ती म्हणाली, "हो काका." तेवढंच मराठीत.

फोन ठेवल्यावर तिने मला सांगितलं, "ही साउंड्स लाइक बाबा. आय थॉट..."  तुमचा आवाज दादांसारखा आहे हे मी विसरले होते. ते मीच तिला आधी सांगायला हवं होतं.

तुम्ही पेपर विचारलेत, तब्येत विचारलीत, आई जेवते का ते विचारलंत. येणार की नाही ते सांगितलं नाहीत. तिने विचारलंही नाही. का नाही विचारलंस म्हटलं तर म्हणाली, "व्हॉट इफ ही सेज नो?"

ती बापासारखीच आहे. मी तिला रागावले नाही.

मी जेवते.

मेधा


२८ मार्च

प्रिय प्रवीण भावोजी,

घर रिकामं झालं आहे. फ्रिज आणि कपाट इशरतभाभींनी घेतलं, म्हणजे मी दिलं आणि त्या भांडल्या. उद्या दुपारचं विमान. तुम्ही विमानतळावर जे विचारलंत त्याचं उत्तर राहिलं आहे, ते आज लिहिते. पण आधी बावीस तारखेचं लिहू द्या, कारण तुम्ही लाँचमध्ये पुढे तोंड करून बसला होतात आणि तुमच्या मागे काय झालं ते तुम्हाला माहीत नाही.

त्या दिवशी दुपारपर्यंत तुमचा पत्ता नव्हता. मी गुरुप्रसादांना फोन केला होता. ते पांढरे कपडे घालून धक्क्यावर आले होते आणि मला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून दुसरीकडे बघत होते. लाँच चालवणारे सलमान दोनदा म्हणाले, "यल्ला, मदाम, मगरिब से पहले वापस आना है." मगरिब म्हणजे सूर्यास्ताची बांग, रोजा सोडायची वेळ. बू खालिद स्वतः गाडगं घेऊन उभे होते.  मी म्हटलं, चला. तेवढ्यात लतीफभाईंची गाडी पुलावरून येताना दिसली, आणि ती इतक्या जोरात येत होती की इशरतभाभी म्हणाल्या, "या अल्ला, ह्यांच्याजवळ लायसन तरी आहे ना आज!"

तुम्ही उतरलात. जुनैदने लतीफभाईंना परस्पर विमानतळावर पाठवलं होतं, ते मला नंतर कळलं. केस पिकलेत. तुमच्या हातात काहीच सामान नव्हतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "वयनी, विमान लेट झालां. माझ्यासाठी थांबलंस?" मला तुम्हाला माझ्या पाया पडू द्यायचं नव्हतं, तरी तुम्ही पडलात. गुरुप्रसादांनी तिथल्या तिथे मोठ्याने "चला, बरं झालं" म्हटलं आणि ते खरंच खूश झाले होते.

लाँचमध्ये तुम्ही गाडगं मांडीवर घेतलंत.  मागे श्रेया माझा हात धरून होती. तिने मला विचारलं, "इज काका क्रायिंग?" मी म्हटलं, वारा आहे. बू खालिद तोंडात पाणी नाही, उन्हात बसलेले, त्यांनी हे ऐकलं आणि स्वतःचा गुत्रा, तो डोक्यावरचा रुमाल, पुढे तुमच्याकडे द्यायला श्रेयाला दिला. तुम्हाला वाटलं तो गाडग्यावर घालायला दिलाय. तुम्ही तो नीट गाडग्याभोवती गुंडाळलात. बू खालिद उघड्या डोक्याने बसून राहिले.

बोयापाशी तुम्ही उठलात तेव्हा मला वाटलं, आता झालं. मी डोळे मिटले होते. मग तुमचा आवाज आला. "श्रेया, हकडे ये."

ती उठेना. तिने माझ्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "बापसाचां मोठ्यान करूचां. मोठी तूच. मी दादाक धरूक इलंय." आणि मग तिच्याशी नीट मराठीत, "मी खालून धरतो. तू सोड."

भावोजी, तुम्ही त्या रीतीसाठी सहा वर्षं भावाशी बोलला नाहीत. रीत तुम्हाला पाठ आहे, हे मला माहीत होतं. ती तुम्ही माझ्या मुलीला द्याल हे मला माहीत नव्हतं. मी तुम्हाला बोलावलं ते मुलगा नाही म्हणून. ती तिथे होती, पहिल्या दिवसापासून होती.

तिने सोडलं. घाबरली नाही. तुम्ही गाडगं खालून धरलं होतंत, आणि तुमचे हात पाण्यात मनगटापर्यंत गेले होते. नंतर मगरिबची बांग धक्क्यावर ऐकू आली, सलमाननी सगळ्यांना खजूर दिले, आणि श्रेयाने तिचा अर्धा तुम्हाला दिला. "काका, ईट." तुम्ही खाल्लात.

तेव्हापासून ती घरात माझ्याशी मराठी बोलायचा प्रयत्न करते आहे. काल म्हणाली, "आई, मी सुटकेस बंद केला." मी दुरुस्त केलं नाही.

आता तुमचा प्रश्न. विमानतळावर तुम्ही विचारलंत, "वयनी, दादा माझ्याविषयी काय बोलायचो?" तेवढ्यात तुमचं बोर्डिंग पुकारलं आणि मी म्हटलं, लिहीन. खरं तर मला तेव्हा उत्तर येत नव्हतं, कारण उत्तर चांगलं नव्हतं. दादा तुमच्याविषयी काहीच बोलायचे नाहीत. सहा वर्षांत एकदाही नाव घेतलं नाही. मी काढलं तर उठून जायचे आणि कुठला तरी नळ घट्ट करत बसायचे. आमच्या घरातला एकही नळ गळत नाही.

खोटं लिहावं असं मनात आलं होतं. लिहिणार नाही. पण काल सलमान निरोप द्यायला आले. बायकोने केलेला हरीस, रमजानातला गव्हाचा पदार्थ, घेऊन आले होते. मी त्यांना सहज विचारलं, त्या दिवशी बोयापाशी इंजिन का बंद केलंत? तुम्हालाही आठवत असेल. लाँच थांबली तेव्हा तुम्ही विचारलंत, "काय झालां?" सलमान म्हणाले, "गरम." तुम्ही वाकून इंजिनाला हात लावलात आणि माझ्याकडे पाहून म्हणालात, "गरम खंय आसा?" मग विषय राहिला.

सलमान हसले. "मदाम, वो आदत हो गया. शंभू जब भी साथ आता, इधर बोया के पास बोलता, सलमान, बंद कर, गरम हो गया. पाँच मिनट. मैं बोलता, शंभू, कल तो तू ने सर्विस किया! वो बोलता, मेकॅनिक तू है या मैं?"

मी विचारलं, मग काय करायचे?

"कुछ नहीं. उधर खड़ा रहता था. कतार की तरफ. पहले मैं समझा तुम लोगों की कोई नमाज़ है, तो मैं भी चुप बैठता. बाद में लतीफ बोला, उधर उसका भाई है." मग ते म्हणाले, "उस दिन बोया आया, तो मेरा हाथ खुद बंद किया."

भावोजी, दादा बोलायचे काही नाहीत. पण सलमान सांगतात, ते इंजिन कधीच गरम झालेलं नव्हतं.

तुमची वहिनी,
मेधा